प्रोग्रॅम आणि डेटा यांची ताटातूट

तालुक्याच्या गावातली पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, भुसार मालाची पेढी, दहा-वीस व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळणारे करसल्लागाराचे कार्यालय. यांतल्या पुष्कळ ठिकाणी आजही जो प्रोग्रॅम चालतो तो फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक किंवा ॲक्सेसमध्ये लिहिलेला असतो. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ ची. तिच्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांची देखभाल मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ मध्ये आली, तीच शेवटची ठरली आणि २०१५ च्या जानेवारीत तिचीही देखभाल संपली. तरी हे प्रोग्रॅम चालतात, आणि बऱ्यापैकी चालतात. माऊसला हात न लावता मिनिटाला तीन-चार व्हाउचर टाकणारा कारकून पाहिला की नव्या, देखण्या वेबपानांबद्दलचा उत्साह थोडा ओसरतो. अडचण एकच असते. हा प्रोग्रॅम एका खोलीत बसून, त्या खोलीतल्याच संगणकांवर वापरायचा म्हणून लिहिलेला असतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि खोलीच बंद झाली. त्यानंतर शाखा, घरून काम करणारे लेखनिक, पुण्यात बसलेले लेखापरीक्षक, सगळ्यांनाच तो प्रोग्रॅम दुरून हवा झाला. अशी स्थलांतरे करण्याच्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. जुना प्रोग्रॅम क्लाउडवर न्यायचा असेल तर तो आहे तसा, त्याच्या डेटासकट, एकाच जागी न्यावा आणि वापरणाऱ्यापर्यंत फक्त पडद्याचे चित्र पाठवावे. नव्याने लिहायचा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

बहुतेक ठिकाणी पहिला प्रयत्न याच्या नेमका उलट होतो. प्रोग्रॅम प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बसवतात, डेटाची फाइल मात्र मुख्य कार्यालयात किंवा भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात आणि मध्ये व्हीपीएनची वाट जोडून देतात. कागदावर हे सरळ दिसते. पण फॉक्सप्रो किंवा ॲक्सेसच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये शोधाशोध करणारा डेटाबेस सर्व्हर नसतोच. प्रोग्रॅम स्वतःच फाइलमधला एकेक तुकडा मागवतो, पाहतो आणि पुढचा मागवतो. एखादा खातेउतारा दाखवायला अशी ६०० वेळा ये-जा होते असे धरू. कार्यालयातल्या वायरवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर उतारा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात येतो. तालुक्यातून मुंबईपर्यंत एका फेरीला ४० मिलिसेकंद लागले तर तोच उतारा २४ सेकंद घेतो. सर्व्हर अमेरिकेत असेल आणि फेरी २०० मिलिसेकंदांची असेल, तर दोन मिनिटे. दर पानासाठी शिपायाला दुसऱ्या गावच्या तिजोरीपर्यंत पाठवायचे आणि पान आल्याशिवाय पुढचे मागवायचे नाही, असा हा कारभार आहे. इथे हमखास चूक होते ती उपायाची. लोक इंटरनेटचा वेग वाढवून घेतात, ५० एमबीचे कनेक्शन १०० चे करतात, आणि फरक पडत नाही. एका वेळी किती माल वाहता येतो ते या आकड्याने वाढते, फेरीचा वेळ त्याने कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटरच जातो, आणि वाटेतली यंत्रे त्याला आणखी थांबवतात. पैसे मोजून ही अट मोडता येत नाही.

याहून घातक उपाय म्हणजे डेटाचे फोल्डर एखाद्या सिंक करणाऱ्या सेवेत ठेवणे. फॉक्सप्रोचा डेटा एका फाइलीत असतो, त्याची अनुक्रमणिका दुसऱ्या आणि लांब मजकूर तिसऱ्या. तिन्ही एकमेकींशी जुळल्या तरच हिशेब जुळतो. सिंक करणारी सेवा या तिघींकडे सुट्या फाइली म्हणूनच पाहते. एक आधी पोहोचते, एक नंतर, एखादी अर्धी लिहिलेली असतानाच उचलली जाते. दोन शाखांनी एकाच वेळी नोंद केली तर एकीची फाइल ‘कॉन्फ्लिक्ट’ असे नाव लावून बाजूला पडते आणि तिच्यातली दिवसभराची जमा कुणाच्या ध्यानातही येत नाही. पैशाच्या हिशेबासाठी ही व्यवस्था वापरू नये. याला मी अपवाद मानत नाही.

प्रोग्रॅम आणि डेटा एकाच यंत्रावर, निदान एकाच इमारतीत ठेवले की त्या ६०० फेऱ्या तिथल्या तिथे होतात. दूरच्या माणसाकडून फक्त कळा दाबल्याचे संकेत जातात आणि बदललेल्या पडद्याचे चित्र परत येते. ४० मिलिसेकंदांचा उशीर बोटांना जवळजवळ जाणवत नाही. ही कल्पना नवी अजिबात नाही. सिट्रिक्सचे विनफ्रेम १९९५ मध्ये आले आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये काढली. बदललेली गोष्ट एवढीच, की आता असे यंत्र जवळपास भाड्याने मिळते. मायक्रोसॉफ्टची पुण्यातली डेटा सेंटर २०१५ मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनची मुंबईतली २०१६ मध्ये, गुगलची मुंबईतली २०१७ मध्ये. सांगली-कोल्हापूरच्या ग्राहकासाठी सिंगापूर किंवा व्हर्जिनियात यंत्र घेण्याचे आता काही कारण उरलेले नाही. तरीही नोंदणी करताना समोर आलेला पर्याय न बदलता पुढे गेल्यामुळे अमेरिकेत पोहोचलेली यंत्रे दिसतात.

यावर तरुण प्रोग्रॅमरांचा आक्षेप ठरलेला असतो: हा खरा क्लाउड नव्हे, जुनाच संगणक दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलात, खरे काम म्हणजे सगळे नव्याने वेबवर लिहिणे. पहिले दोन भाग मला मान्य आहेत. तिसऱ्याशी मात्र मी सहमत नाही. वीस वर्षे चाललेल्या प्रोग्रॅममध्ये जे नियम असतात ते कुठेही लिहून ठेवलेले नसतात. ठेवीचे दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की शेवटचा, व्याज रुपयात पूर्ण करायचे ते दर महिन्याला की मुदत संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी देय झालेल्या हप्त्याला दंड लावायचा का, कधी काळी संचालक मंडळाने ठराव करून कर्मचाऱ्यांच्या कर्जाला दिलेली अर्ध्या टक्क्याची सवलत. यांतला प्रत्येक नियम कोडच्या कुठल्या तरी ओळीत बसलेला असतो आणि लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे नियम तक्रारींतून कळतात. म्हणजे त्याची किंमत खातेदार देतो. नेटस्केपने नव्वदच्या दशकाअखेर आपला ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर सहावी यायला २००० चा नोव्हेंबर उजाडला, तोवर बाजार हातचा गेला होता. ती तर प्रोग्रॅमरांनी भरलेली कंपनी होती. पतसंस्थेकडे एक कारकून असतो, मार्चअखेर त्याचीही दमछाक झालेली असते, आणि जुना-नवा प्रोग्रॅम वर्षभर शेजारी शेजारी चालवून ताळा पाहायचे काम त्याच्याच डोक्यावर येते.

नव्याने लिहिणे भाग पडते अशी ठिकाणे आहेत, ती सांगितली नाहीत तर माझी बाजू लंगडी पडेल. फॉक्सप्रोची एक टेबल-फाइल आणि ॲक्सेसची पूर्ण डेटाबेस-फाइल दोन जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. सर्व्हर कितीही मोठा घेतला तरी ही मर्यादा सरकत नाही, उलट शाखा जोडल्या की तिथवर लवकर पोहोचायला होते. सभासदांना मोबाइलवर स्वतःची शिल्लक पाहायची असेल, तर त्यासाठी वेगळा दरवाजा बांधावाच लागतो. आणि कायदा. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांना १ एप्रिल २०२३ पासून असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरता येते, ज्यात प्रत्येक नोंदीतला प्रत्येक बदल कधी झाला याची न पुसता येणारी नोंद राहते. ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये व्हाउचर उघडून रक्कम बदलली की आधीचा आकडा कायमचा जातो, तो पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये नेला म्हणून कायदेशीर होत नाही. अशा वेळी पैसे स्थलांतरावर घालवू नयेत.

पण बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य ठिकाणी खरे काम ‘आहे तसा नेणे’ या सोप्या वाटणाऱ्या शब्दांच्या मागे दडलेले असते. प्रोग्रॅमने खोलीविषयी कितीतरी गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि खोली बदलली की त्या एकेक करून बाहेर येतात. जुना प्रोग्रॅम आपल्या सेटिंगची फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्सखाली लिहितो. व्हिस्टापासून विंडोज साध्या वापरकर्त्याला तिथे लिहू देत नाही, पण तसे सांगतही नाही. जुन्या प्रोग्रॅमची समजूत काढायला ती त्या फाइलची प्रत गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी कोपऱ्यात बनवते. परिणाम असा, की पाच जण एकाच सर्व्हरवर पाच वेगळ्या सेटिंग घेऊन काम करतात, आणि डेटाची फाइलही त्याच फोल्डरमध्ये असली तर पाच वेगळ्या खतावण्या तयार होतात. प्रत्येकाला वाटते, बाकीच्यांच्या नोंदी गायब झाल्या. यावर सर्वांना ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन टाकण्याचा झटपट उपाय सर्रास केला जातो. तो पुढे कुठे नेतो ते सुरक्षिततेच्या मुद्द्यात येईलच. योग्य वाट म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये काढून तिथले अधिकार नेमके ठरवून देणे. तात्पुरत्या फाइलींचेही तसेच. अहवाल बनवताना प्रोग्रॅम ‘टेम्प’ नावाची एकच ठरलेली फाइल वापरत असेल, तर स्वतंत्र संगणकांवर त्याने काही बिघडत नव्हते. एकाच सर्व्हरवर दोघांनी एका वेळी अहवाल काढला की एकाच्या कागदावर दुसऱ्याचे आकडे छापले जातात.

तारखांचे प्रकरण मला सगळ्यांत धोक्याचे वाटते, कारण तिथे काहीच बंद पडत नाही. भाड्याच्या यंत्रावरचे विंडोज बहुधा अमेरिकी पद्धतीच्या तारखा घेऊन येते. ०५/०४ म्हणून ५ एप्रिल टाकलेली पावती ४ मे ला जाऊन बसते. १२ नंतरच्या तारखांवर प्रोग्रॅम कुरकुरतो, त्यामुळे चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपुरतीच राहते आणि म्हणूनच लवकर सापडत नाही. बरे, ही सेटिंग प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी. आज सगळे नीट करून दिले तरी पुढच्या महिन्यात रुजू झालेल्या कारकुनाचे नवे खाते पुन्हा अमेरिकी निघते. घड्याळाचेही असेच. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी ३१ मार्चच असतो, म्हणजे आधीचे आर्थिक वर्ष. वर्षअखेरीला रात्र जागवून काम करणाऱ्या कार्यालयांत हा निव्वळ तात्त्विक धोका नाही.

मग येते छपाई. लेझर प्रिंटर दुरूनही सहसा चालतो. पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालत नाही, किंवा असा चालतो की नसलेला बरा. जुना प्रोग्रॅम एलपीटी-१ या दारातून सरळ अक्षरे आणि आज्ञा पाठवत असतो. सर्व्हरला तसले दार नसते. विंडोजच्या सोयीच्या मार्गाने छापले तर अक्षरांऐवजी चित्र जाते, एक ओळ छापायला पूर्वीच्या पानाइतका वेळ लागतो, आणि पासबुकाच्या रकान्यांत आकडे नेमके बसत नाहीत. त्यातही दूरच्या प्रिंटरच्या नावापुढे विंडोज त्या दिवशीच्या सेशनचा क्रमांक जोडते. प्रोग्रॅमने काल लक्षात ठेवलेले नाव आज अस्तित्वात नसते. यावर उपाय आहेत, पण ते शाखेत जाऊन, खरे पासबुक घालून तपासावे लागतात. बारकोड वाचणारी बंदूक मात्र काहीच त्रास देत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती कीबोर्डच असते. डिजिटल सहीचे टोकन सर्व्हरपर्यंत पोहोचवण्याच्या खटाटोपात पडू नये. फाइल खाली उतरवावी आणि विवरणपत्रावर आपल्या संगणकावरून सही करावी. वजनकाट्याला जोडलेला प्रोग्रॅम तर मी हलवणारच नाही. उसाची गाडी काट्यावर उभी आहे, मागे रांग आहे आणि वजनाचा आकडा इंटरनेटची वाट पाहतो आहे, असा कारभार कुणी करू नये. काट्याची नोंद काट्यापाशीच व्हावी आणि नंतर वर पाठवावी.

सुरक्षिततेचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. जुन्या प्रोग्रॅमला पासवर्ड असला तरी तो सर्वांना ठाऊक असतो आणि बहुधा संस्थेच्या नावाचाच असतो. खरी सुरक्षा कार्यालयाच्या दाराला लावलेल्या कुलपाची आणि समोर बसलेल्या शाखाधिकाऱ्याच्या नजरेची होती. प्रोग्रॅम दूर नेला की ती दोन्ही संपतात, आणि त्यांच्या जागी काही ठेवले नाही तर आक्षेप घेणारा शंभर टक्के बरोबर ठरतो. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे दार इंटरनेटवर उघडे टाकले की त्यावर पासवर्ड ठोकून पाहणारे प्रोग्रॅम थोड्याच वेळात येतात. ते कुणा माणसाने तुम्हाला निवडले म्हणून येत नाहीत, सगळ्याच पत्त्यांवर फिरत असतात. २०१९ च्या मे महिन्यात ‘ब्लूकीप’ नावाची फट उघडकीला आली तेव्हा तर पासवर्डचीही गरज उरली नव्हती. देखभाल कधीच थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली, यावरून तिचे गांभीर्य कळावे. म्हणून हे दार बाहेरून दिसूच नये. आत येणे व्हीपीएनमधून किंवा गेटवेमधून, मोबाइलवरच्या दुसऱ्या पडताळणीसह. प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचे वेगळे लॉगिन, आणि कुणालाही, अध्यक्षांनासुद्धा, रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नाहीत. खंडणीखोर विषाणू एका लॉगिनमधून आत शिरतो तेव्हा त्या लॉगिनला जेवढे अधिकार, तेवढेच तो बिघडवू शकतो. एवढे केले तर दूरचा सर्व्हर कार्यालयातल्या टेबलाखाली धूळ खात पडलेल्या, कधीच अपडेट न झालेल्या संगणकापेक्षा सुरक्षित असतो. न केल्यास तो संगणकच बरा.

खर्चाचा आक्षेप निम्मा खरा आहे. भाडे कायम भरावे लागते आणि दोन माणसांच्या पेढीला ते परवडेलच असे नाही. तिच्यासाठी कार्यालयातल्या संगणकावर सुरक्षित मार्गाने शिरणे पुरते. मोठ्या ठिकाणी मात्र एक हिशेब विसरला जातो. यंत्र महिन्याचे ७३० तास चालू ठेवावे लागत नाही. दिवसाला १० तास आणि २६ दिवस धरले तर २६० तास होतात, म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक. रात्री यंत्र बंद ठेवले तर त्याचे भाडे थांबते, डिस्कचे तेवढे चालू राहते. याउलट परवान्यांवर काटकसर करू नये. साधी विंडोज एका वेळी एकालाच आत घेते. तिची फाइल बदलून पाच जणांना शिरवण्याचे ‘जुगाड’ स्वस्तात करून देणारे भेटतात, पण ते परवान्याचे उल्लंघन आहे आणि पुढच्या अपडेटला मोडते. मूळ प्रोग्रॅम विकणाऱ्यालाही सर्व्हरवर चालवायची परवानगी लेखी मागावी. डोंगलवर चालणारा प्रोग्रॅम असेल तर ती आधी, यंत्र घेण्यापूर्वी.

राहिला ‘इंटरनेट गेले तर?’ हा प्रश्न. तो अगदी बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. फाइल दूर आणि प्रोग्रॅम जवळ असताना मध्येच जोडणी तुटली, तर नोंद अर्धी लिहिली जाते आणि अनुक्रमणिका बिघडते. प्रोग्रॅम आणि डेटा सर्व्हरवर एकत्र असले आणि वाट तुटली, तर तिकडे काहीच घडलेले नसते. सर्व्हर तसा बेतलेला असेल तर सेशन जागच्या जागी थांबते आणि जोडणी परत आल्यावर कारकून पुन्हा आत गेला की अर्धे टाइप केलेले व्हाउचर तसेच समोर असते. काम थांबते, डेटा बिघडत नाही. काउंटरवर मात्र पावतीपुस्तक छापून ठेवावेच, आणि दुसऱ्या कंपनीचे मोबाइल कनेक्शनही.

कुणाकडून अशी सेवा घ्यायची ठरवलीच, तर सही करण्यापूर्वी पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागा. एक, सर्व्हर कोणत्या शहरात आहे ते लेखी. कंपन्यांना २०२२ पासून हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो, त्यामुळे हे उत्तर पुढे लेखापरीक्षकालाही लागेल. दोन, बॅकअप तुमच्या हाती, तुमच्या डिस्कवर येण्याची सोय. तीन, कालचा बॅकअप तुमच्याच कार्यालयातल्या एखाद्या संगणकावर उतरवून, प्रोग्रॅम उघडून, तेरीज जुळवून दाखवणे. तिसऱ्या मागणीला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे आपले हिशेब ठेवू नका, तो कितीही स्वस्त असला तरी.